पत्रपारखी

केप्याच्या बाजारात, न्हाव्याच्या दुकानाला लागून
एक बाक आहे. निवृत्त झाल्यापासून मी तिथे बसतो.
लोक पत्रं घेऊन येतात,
दोन बोटांत, अंगापासून लांब धरून:
"वेरेकरबाब, बघा हो. खरं का हे?"

बांगड्याचा कल्ला उचलून बघतात
तसं मी पाकिटाचं तोंड उघडतो.
आतला रंग आधी. अक्षर मागाहून.

लंडनचं पत्र, आणि तिकीट पाच रुपयांचं.
तीन सिंह छापलेत, खाली 'सत्यमेव' नाही;
तेवढी लाज उरली असावी बिचाऱ्यांना.
'गुप्तता पाळा' हे ठळक अक्षरांत.
आणि मालूचं आडनाव वीजबिलावर जसं चुकलंय,
गावकरचं गावर,
नेमकं तसंच चुकलेलं.
म्हणजे नाव कुठून उचललं, तेही कळलं.

चौतीस वर्षं शिक्के मारले मी.
फाडा, म्हणायचो. लोक फाडायचे.
कुणी चहा सांगायचं.

एस्परांस आली ती काजूच्या दिवसांत,
हातांना निऱ्याचा वास.
नवरा तारवटी, बावीस वर्षांमागे
कुठल्याशा बंदरात उतरला तो उतरलाच.
पत्रात लिहिलेलं, त्याचा थकलेला पगार
कंपनीकडे पडून आहे,
बँकेचा खातेक्रमांक कळवा.
कागद पातळ. नाव चुकलेलं.
इनासियोचा इग्नासियु.
पैसे, तेही मेलेल्या माणसाचे, न मागता.

मी हसलो. खरंच हसलो.
"बाये, चुलीत घाल."
तिनं घातलं. माझ्यावर विश्वास होता तिचा,
मीच तर तिची मनीऑर्डर आणून द्यायचो,
येत होती तोवर.

श्रावणात दुसरं आलं, रजिस्टर,
पोचपावतीचा पिवळा कागद डकवलेला.
शिक्का अँटवर्पचा. गोल, तारीख स्वच्छ,
असा शिक्का मीसुद्धा कधी मारला नाही.
आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे
प्रकरण बंद करण्यात आले आहे.
खाली जुन्या कागदाची नक्कल, त्याची सही:
इग्नासियु.
तो स्वतःच तसं लिहायचा.

मी वाचून दाखवलं. सगळं. काही गाळलं नाही.
ती म्हणाली, "म्हणजे पगार होता त्याचा,"
आणि नारळ घ्यायला गेली.

त्या कंपनीला मी सात पत्रं लिहिली आहेत.
त्यांच्याकडेही कुणी बाकावर बसलेला असेल,
माझं पाकीट उजेडात धरून
कल्ला बघत असेल.

आता फाडा म्हणत नाही.
ठेवून जा म्हणतो, दोन दिवस.
मालूला परवा पुन्हा पंचवीस लाख लागले.
तिकीट पाच रुपयांचं.
तेही ठेवून घेतलंय.
ती म्हणते, "बाब, तुमची नजर गेली वाटतं."