विरळ नट्टी

खानापूरच्या पुढं, जंगलाच्या अलीकडं,
बस जिथं वळून परत जाते
तिथल्या घाडींच्या भातगिरणीत
मशीन बसवायला मेंग आला, तीन दिवसांसाठी.
काळा दाणा ओळखून फुंकरीनं उडवणारं मशीन.
पेटीवरचं कुणालाच वाचता येईना,
बाणावरून ठरवलं, वर कुठलं, खाली कुठलं.

बोलायचं ते फोनमधून.
तो फोनला सांगे, फोन मला सांगे :
"मी थकलेली आहे, वायर जाड हवी."
मी वायर दिली.
थकलेलीचं काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी करंट गेला.
हेस्कॉमवाले म्हणाले, एक तास.
आमच्याकडचा एक तास मला माहीत होता.
म्हटलं चल, गाव दाखवतो.

गावात दाखवायचं काय?
सोसायटी. बंद पडलेली कौलांची भट्टी.
एक शाळा, तिला लागून दुसरी शाळा,
मधे भिंत,
भिंतीवर चढून चेंडू मागणारं एक पोर.
मेंग पाट्यांचे फोटो काढत होता.
बसलिंगय्याच्या दुकानाची पाटी, वर कन्नड, खाली मराठी,
एका ओळीवर जुनं डांबर, रॉकेलनं घासून पुसट केलेलं.
विचारलं, यातली तुझी कुठली?
मी बोट दाखवलं.
त्यानं दोन्ही ओळी परत पाहिल्या, बराच वेळ,
जुळ्यांतला थोरला ओळखायला सांगितल्यासारख्या.
मग फोन म्हणाला, "दोन्ही सुंदर वेली आहेत."
मला राग आला थोडा.
का, ते फोनला सांगता येईना.

ओढ्याकडं नट्टी चालली होती.
वाकलेल्या सातआठ बायका, पाठीवर प्लास्टिक.
नागुबाई ओरडली,
"काय करुलास रे तिथं उभारून? पावण्याला आण की हिकडं!"
मी फोन पुढं धरला. फोन गप्प.
ती पुन्हा बोलली, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तशी.
फोन म्हणाला, भाषा ओळखता आली नाही.

मेंग तेव्हा पहिल्यांदा हसला.
त्याच्या आजीलाही फोन हेच म्हणतो.
तिची बोली शाळेत नाही, टीव्हीवर नाही,
दक्षिणेच्या त्या डोंगरांत, म्हाताऱ्यांच्या तोंडात तेवढी.
मुलीला येत नाही, म्हणाला,
आणि फोन खिशात टाकला,
मोजे बुटांत कोंबले,
उतरला चिखलात.

पेंडी डाव्या हातात, उजवा अंगठा रोपाच्या बुडाशी,
एकेक पाऊल मागं सरकत.
बायका गप्प.
मग नागुबाईच म्हणाली,
"हात हाय रे ह्याला! पण लई लांब लांब लावतोय,
मधनं रेडकू जाईल."
एवढं हसणं त्या वाफ्यात त्या साली दुसऱ्यांदा झालं नाही.
तोही हसला, कशाला ते न कळता.

मुठीतलं रोप दाखवून म्हणाला, "हाउ."
"खाऊ?" नागुबाई म्हणाली,
"भूक लागली काय रे लेकराला?"
बांधावरच्या डब्यातले चिरमुरे
त्याच्या चिखलाच्या ओंजळीत ओतले.
त्यानं एक चिरमुरा उचलून उन्हात धरला,
मशीनच्या डोळ्यापुढं दाणा धरावा तसा.
"हाउ," म्हणाला परत, मान डोलवून.
आणि खाल्ला.

रात्री करंट आल्यावर फोननं सांगितलं,
आजीच्या बोलीत भाताला हाउ म्हणतात.

तो गेला.
मशीनच्या पडद्यावर त्याची अक्षरं अजून तशीच,
मी वरून तिसरं दाबतो, मग हिरवं.
करंटचं बिल कन्नडात येतं,
पोती मी खडूनं मराठीत मांडतो.
नागुबाई दळपाला आली की विचारते,
"तुमचा हाउ परत येणार हाय काय?"

त्याच्या चार ओळी तिनं उपटून लावल्या नाहीत.
भात पोटरीला आलंय आता.
बांधावरून बघितलं तर सगळं एकसारखं हिरवं,
फक्त त्या कोपऱ्यात, तेवढ्या ओळींमधून
खालचं पाणी दिसतं.