दुसरा ब्रेक

दिवसा मी लोकांना क्लच सोडायला शिकवतो.
फैजपूर ते यावल, यावल ते फैजपूर,
ढाके मोटर ड्रायव्हिंग स्कूल,
पांढरी मारुती, मागच्या काचेवर लाल एल.
शिकणारा उजवीकडे, मी डावीकडे,
आणि माझ्या डाव्या पायाखाली
बावीस वर्षांपासून एक दुसरा ब्रेक.

रात्री अकरानंतर कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
पुतण्याच्या कॉम्प्युटरवर मी जेट उडवतो.
म्हणजे उडवत नाही.
पाडतो.

हल्लीची विमानं नव्हेत, ती म्हणे आपली आपण उडतात.
हे पंखा काढून टाकल्यावरचं पहिलं पीक:
फुगीर पोट, वासलेलं तोंड,
आणि इंजिन इतकं मानी
की थ्रॉटल एकदम दामटली
तर ओली पऱ्हाटी चुलीत कोंबावी तसं
धुरकटून विझतं.
ब्रेक दाबून धरायचे. थ्रॉटल बोटभर. थांबायचं.
आणखी बोटभर. काटा चढतो,
मे महिन्यात बोअरला पाणी यावं तसा,
खोकत, उशिरा.

मग सोडायचं.

सोडलं की ते डावीकडे जायचं.
रोज डावीकडे. गवतात. दिव्यांच्या रांगेत.
एकदा उभ्या टँकरमध्ये.
पुढचं चाक केटररच्या ट्रॉलीचं असतं तसं मोकळं,
आणि वेग धरेपर्यंत शेपटीचं सुकाणू
नुसतं शोभेला.
पुतण्या म्हणाला, काका, पेडल गेलं असेल.
मी पेडल खोललं, ग्रीस भरलं, स्प्रिंग बदलली.
गेलं डावीकडे.

कोकिळा नारखेडे, नर्स, वय पंचेचाळीस,
उपकेंद्र पार सातपुड्याच्या पायथ्याशी,
शिकवणीचा अठरावा दिवस.
पुलावर समोरून केळीचा ट्रक.
बाईंनी वेग कमी केला, बरोबर केला.
गाडी कडेला घेतली, बरोबर घेतली.
आणि गाडी हिसका खाऊन बंद पडली.

ट्रकवाला काहीतरी बोलून गेला.
बाईंनी माझ्या तोंडाकडे नाही,
माझ्या बुटाकडे पाहिलं.
"सर, गाडी मी चालवू राहिली का तुम्ही?"

त्या रात्री खुर्चीत बसलो आणि आधी खाली वाकलो.
डावा पंजा पेडलवर होता.
सुपारीएवढा भार.
कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

चपला काढल्या. टाचा फरशीवर टेकल्या, पंजे मागे.
थ्रॉटल बोटभर. थांबलो. बोटभर.
सोडलं.
जरा डगमगलं ते, मीही,
पण पाय गेला नाही.
साठला सुकाणूत जीव आला.
शंभरला नाक वर, वीतभर,
त्याहून जास्त ओढलं तर ते रुसून
धावपट्टीभर नुसतं धावतं, हे माहीत होतं.
वीतभरच धरून ठेवलं.
आणि कधीतरी चाकांचा खडखडाट
थांबलेला होता.

खाली कुठल्याशा परदेशातलं हिरवं होतं.
मी ते केळीचं धरलं.
चाकं आत घ्यायला हात नेला
आणि लाईट गेली.
अंधारात कूलरचं पातं फिरत राहिलं थोडा वेळ.

सकाळी साडेसहाला कोकिळाबाई आल्या.
मी सीटवर पाय वर घेतले, चक्क मांडी घातली.
बाईंनी आरसा आपल्याकडे वळवला,
पहिला गिअर टाकला,
समोर बघतच म्हणाल्या,
"सर, बेल्ट लावा."