चोरवखार

रात्री दीडला अण्णा पाणी प्यायला उठतात
आणि माझ्या खुर्चीमागे थांबतात,
हातात तांब्या.
पडद्यावर चारशे वर्षांपूर्वीचं बंदर.
माझं नाही, दोस्त राजाचं.
त्याच्या धान्यबाजाराखाली
मी एक चोरवखार बांधतेय.

"हे काय गं, पमे?"
गुंतवणूक, म्हटलं.
आत्ता तीनशे मोहरा, मग दरमहा बारा.
वर त्याचं शहर फुगलं की खाली माझा गल्ला फुगतो.
त्याला पत्ता नसतो.
फक्त ही तांबडी पट्टी, संशयाची,
ती भरू द्यायची नाही.

अण्णांनी बोटांच्या पेरांवर मोजलं.
"पंचवीस महिन्यांत भांडवल वसूल.
हरिपूरच्या पेवांसारखंच की हे,
वर गवत, खाली हळद.
पण पेवाची चिठ्ठी तरी असायची."
मग चष्मा कपाळावर सारून, वाकून:
"आणि हा दारातला?"
फितवलेला पहारेकरी. महिना दोन मोहरा.
अण्णा इतके हसले की पाणी फरशीवर सांडलं.
"दोन? कमी आहेत."

भूपाल मगदूम, कारकून,
माधवनगरचा जकात नाका, अठ्ठावीस वर्षं.
निळा कार्बन, पावतीपुस्तक, टेबलाखाली शेगडी.
तासगावकडून कडब्याचे ट्रक यायचे,
दोनदा डिपर मारायचे
आणि आडवा बांबू हलकेच आभाळाकडे जायचा.
मी सहावीत असेन, डबा घेऊन गेले होते.
कुणीतरी माझ्या ओंजळीत बेदाणे टाकले,
त्यांना कडब्याचा वास होता.
मी ते वाटेतच संपवले.

चौऱ्याण्णव साली आमच्या घराला वरची खोली आली.
पगार तोच होता.
आईनं काही विचारलं नाही,
सिमेंटची पोती तेवढी मोजून घेतली.

एकोणीसच्या महापुरात कृष्णा
स्वयंपाकघरातून आत आली, देव्हाऱ्यापर्यंत चढली.
पाच रात्री आम्ही त्याच खोलीत:
आम्ही चौघं, शेजारच्या कुंभोजकर काकू,
त्यांच्या दोन शेळ्या,
बिस्किटांचा एक खोका.
काकू म्हणाल्या, ही खोली बांधली म्हणून वाचलो बाई,
पुण्याईच म्हणायची.
अण्णा पाचही दिवस
भिंतीला टेकून बसले नाहीत.

पडद्यावर पट्टी अर्धी भरलीय.
दोस्त राजाचा वकील दारात उभा,
नजराण्याचं ताट घेऊन, अजून हसतोय.
खेळ विचारतो: वखार मोडायची?
अण्णा अजून मागेच. ओल्या फरशीवर त्यांचे पाय.
मोडली तर अर्धे पैसे परत मिळतात, मी म्हटलं.
"कुणाला?"

मी काहीच दाबलं नाही.
ते तांब्या तिथंच ठेवून जिना चढू लागले.
सोळा पायऱ्या आहेत.
नवव्या पायरीवर बराच वेळ
काही आवाज नव्हता.