हजेरीपट

आमच्या घरात कुणाला मोठ्यानं नावानं हाक मारत नसत.
आई मागून येऊन खांद्याला हात लावायची.
का, ते मला फार उशिरा कळलं.

माझा आजा गेनू मदने.
त्याच्या आज्यानं गावाची रात्र राखलेली,
वेशीत काठी आपटत, भंडाऱ्याची आण घेऊन;
बदल्यात खळ्यावरचा वाटा आणि सणाची पोळी.
मग कुठल्याशा कचेरीत एका साहेबानं वही आखली,
वर लिहिलं: गुन्हेगार जमात.
पोटातल्या पोरांसकट.
राखणदाराचीच राखण सुरू झाली.

रात्री चावडीवर, पुन्हा पहाटे कोंबड्याला.
पाटलानं नाव घ्यायचं, आज्यानं म्हणायचं, हजर सरकार.
ताप असो, घरात बाळंतीण असो.
लग्नाच्या रात्री तो मुंडावळ्या सोडून गेला
आणि परत येईतो दिव्यातलं तेल संपलं,
असं आजी सांगायची. हसत.
हे ती नेहमी हसतच सांगायची.

कायदा गेला तेव्हा पाटील म्हणाला, जा, घरी नीज.
आज्याला वाटलं थट्टा आहे.
आणखी महिनाभर तो जात राहिला.

माझ्या नोकरीचा पहिला आठवडा, म्हसवडच्या अलीकडची वाडी.
आजा भाकरी घेऊन आला, व्हरांड्यात टेकला.
मी पट वाचत होते.
ढेंबरे नवनाथ. हजर.
काळेल संगीता. हजर.
मदने पोपट.
पोपट आलाच नव्हता, मेंढरांमागं गेलेला.
व्हरांड्यातून आवाज आला, हजर सरकार.
चपला काढलेल्या, पटका हातात,
सत्तरीचा आजा भिंतीला पाठ लावून ताठ उभा.
पोरं खिदळली.
मी पोपटच्या रकान्यात हजर लिहिलं.
एवढीच खोटी हजेरी मी आजवर लावली.

आमची एक बोली होती म्हणतात.
चावडीवर ती बोलणं म्हणजे पुरावा देणं,
म्हणून आज्यानं ती गिळली, बापाला दिली नाही.
बाप पुस्तकातलं शुद्ध मराठी बोलायला शिकला,
मी तर ते शिकवतेच; ‘व्हतं’ला लाल गोल करते.
त्या बोलीतले तीन शब्द माझ्यापाशी उरलेत:
एक भाकरीचा, एक पळण्याचा, एक पोलिसाचा.
इथं लिहीत नाही.

परवा सरपंचांची शेळी हरवली.
कुणीतरी म्हणालं, रामोसवाड्यात बघा आधी.
ती सापडली शाळेच्या मुतारीत, स्वाध्यायाचे कागद खाताना.
मग सगळ्यांनी चहा घेतला.
मीही घेतला.

आता माझी हजेरी फोन घेतो.
चेहरा चौकटीत आणा, पापणी मिटा.
वर्गात रेंज नाही, म्हणून रोज टेकाड चढते.
इथं बसूनच म्हणे आज्याचा आजा गाव मोजायचा,
किती चुली विझल्या, कुठलं कुत्रं उगाच भुंकतंय.
फोन म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा.
खालून कुणी पोर ओरडतं,
मदने बाई!
आणि माझ्या दोन्ही टाचा
आपोआप जुळतात.