अवतरणचिन्हं

उदगीरला, मन्मथअप्पांच्या टेबलावर
जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पोट उघडून पडलेला.
सर्किटचा नकाशा हवा.
नुसता नंबर टाकला तर चार लाख उत्तरं,
विकणारेच सगळे.

मी नंबराला दोन्हीकडून अवतरणचिन्हं लावली.
वजा विक्री, वजा किंमत,
फक्त पीडीएफ.
उरली तीन.
तिसऱ्यात नकाशा,
त्यावर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग.

अप्पांनी सोल्डरगन खाली ठेवली.
"आता आमच्या उस्तादाचं टाक की.
खमरोद्दीन रेडिओवाले, चौबारा."

चिन्हांसकट टाकलं.
काहीच नाही.
चिन्हं काढून बघा, म्हणाली स्क्रीन.

काढली,
तर नाव सुटून गर्दीत पांगलं.
हजार खमरोद्दीन, गावोगावचे चौबारे.

"ते वजा कर की," अप्पा म्हणाले,
"ज्यांना नुसत्या खरखरीवरून
बिघाड कळत नव्हता."