खालचा बाजार, चौऱ्याण्णव अंशांवर

जानेवारी. एन्कार्नासिओनमध्ये ऐन उन्हाळा,
नदीवरून येणारा वाराही पोळतो.
एलाडिओच्या टेबलावर एकोणतीस टेपांची चळत
आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक बारकासा आकडा:
ब्याण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव.
शंभराला यंत्र मान टाकतं.
काल दोनदा टाकली.
अर्धी फाइल, निम्मा बाप्तिस्मा,
पाद्र्याचा हात बाळाच्या टाळूवर पोचायच्या आत काळोख.

सगळं करून पाहिलं त्यानं.
पाठ उघडून पंख्यातली धूळ फुंकली,
जाळीत अडकलेला वाळका पतंग चिमट्यानं ओढला,
चिपवरचा सुकलेला लेप खरवडून
नवा लावला, तांदळाच्या दाण्याएवढा.
खालून हवा खेळावी म्हणून दोन फरश्यांवर टेकवलं.
तेरेरेच्या थर्मासमधला बर्फ पिशवीत बांधून
शेजारी ठेवला, आणि लगेच उचललाही.
एक थेंब आत गेला असता तर!

रोज चार वाजता दोन्या ओबदुलिया येते.
सात नंबरची टेप तिची.
खालच्या बाजारातलं तिचं रिळं-बटणांचं दुकान
आता धरणाच्या पाण्यात आहे.
न्हाव्याची खुर्ची होती तिथं, रेल्वेचे रूळ होते,
आज त्यांच्यावरून पोरं पोहतात,
अंगाला तेल चोपडून.

ती पडद्याकडे बघत नाही.
हात उपडा करून लॅपटॉपच्या कुशीला लावते.
"अंगात ताप आहे याच्या," म्हणते,
"आणि तू पळवतोयस."

एलाडिओ हसत नाही. सेटिंग उघडतो.
आठ धाग्यांतले तीनच चालू ठेवतो,
प्रोसेसरचा वेग सत्तर टक्क्यांवर बांधतो.
पंख्याची घरघर बसते,
आणि आंब्यावरचे किडे ऐकू येतात,
ते सकाळपासून ओरडत असावेत.
चाळीस मिनिटांचे साडेतीन तास झाले.

"साडेतीन," तो ओशाळून सांगतो.
"पाणी चढायलाही वर्षं लागली की.
रोज एकेक पायरी मोजायचो आम्ही."
ती बर्फाळ पाणी ओतते, पेला त्याच्याकडे सरकवते.

एकाहत्तर. सत्तर. एकाहत्तर.
एकेक चौकट वर येतेय:
आडव्या रेघा, निळा डाग,
मग शटरची तळपट्टी,
आणि तिच्याखालून आत शिरणारे
लाल चपलांतले दोन पाय.

"माझे नाहीत," ओबदुलिया म्हणते.
खुर्ची पुढं ओढते.
"थांब. कुणाचे ते?"