दोन बोटं

उदगीरच्या पेठेत आधी पट्टा घेतला,
लाल, रेक्झिनचा, पितळी बकलाचा, एकशे ऐंशीला.
दुकानदार म्हणाला, अल्सेशियनला पुरतो हा.
वकिलाला पुरला नाही.
(कारवानी जात. काळा, उंच, बरगड्या मोजून घ्याव्यात असा,
गळ्याखाली पांढरे दोन पट्टे, म्हणून वकील.)
ह्या कुत्र्यांची मान डोक्याइतकीच जाड.
तो मागे सरकला, डोकं काढून घेतलं,
आणि मी भर चौकात रिकामा पट्टा धरून उभी,
मांडवातून नवरदेव पळाल्यासारखी.

मग साखळी, ओढली की आवळणारी.
तिसऱ्या दिवशी तो खोकला,
आमचे बिराजदार साहेब सही करायच्या आधी खोकतात तसा.
ती साखळी आता फाटकाला आहे.

मग भाच्याने मागवलेलं हार्नेस,
नारिंगी, रात्री चमकणारं.
ते घातल्यावर तर तो कामालाच लागला.
छातीवर जू आल्यावर कोण ओढणार नाही?
मी मागे, औतामागच्या ढेकळासारखी.
तळ्याच्या बांधावर पडले. उजवा खांदा.
डॉक्टर म्हणाले, महिनाभर फायली उचलू नका.
कुत्र्याचं काही बोलले नाहीत.

रविवारी हाळीचा बाजार.
देवणी बैलांच्या रांगा संपतात तिथे
एका पालाखाली सोजरबाई,
कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या, गोंडे,
आणि सुंभ वळून वळून चपटा झालेला तिचा अंगठा.
"बाई, ह्ये कुत्रं हाय का शिंगरू?"
मग माझ्या खांद्याकडे बघून,
"लई वडलालंय म्हना की."

"गळ्याला धरून कुनी थांबतंय का वो?
गळ्यातच तर जोर.
नाक वळवा. नाक वळलं की मान, मान वळली की पाय.
उगं का म्होरकी घालतेत बैलाला?"

सुती दोरी घेतली तिने. सुंभ नको, म्हणाली, नाकावरची लव जाती.
टेप नव्हता. वितीनेच मापलं,
कानामागून, जबड्याखालून, नाकाच्या हाडावरून.
वकील चक्क उभा राहिला.
गाठ मारण्याआधी दोन बोटं आत घालून फिरवली.
"एवढी जागा ऱ्हाऊ द्या.
एक बोट असलं तर जाच, तीन असली तर गेलं रानात.
पानी पिता आलं पायजे, भुकता बी आलं पायजे,
मुसकं न्हाई ह्ये.
आन् दोरी आखूड धरा. लांब सोडून पळू दिलं
तर हिसका मानंला बसंल."
साठ रुपये सांगितले, पन्नास घेतले.
दहा खांद्याचे सोडले असावेत.

पहिला आठवडा विचारू नका.
नाक डांबरावर घासलं, पंजांनी ओरबाडलं,
बसस्टँडसमोर आडवा झाला.
रिक्षावाल्याने विचारलं, चावतो का?
म्हटलं, नाही, ओढतो.
वीस पावलांना एक फुटाणा, असं करत घरी आणला.

आठव्या की नवव्या दिवशी,
मलकापूरच्या रस्त्याला, बाभळीखालून ससा गेला.
दोरी ताठ होता होता सैल झाली.
त्याचं तोंड वळलं, सबंध, माझ्याकडे.
डाव्या डोळ्यात एक पिवळा ठिपका आहे त्याच्या.
दीड वर्ष मी ह्या कुत्र्याची
नुसती पाठ पाहत होते.

आता हरभरा निघालेल्या एका रानात,
मालकाला विचारून, मी म्होरकी काढते.
तो जातो. कुत्रा नाहीच ते,
काळ्या मातीवर काळी रेघ, मग तीही नाही.
हातात दोरी उरते त्याच्या तोंडाच्या आकाराची,
आतून जराशी ओली.
तो येईपर्यंत मी उगाच
दोन बोटं आत घालून बघते.
जागा आहे.